पाचशे एक्कावन्न

मित्रांनो, मार्चमधल्या त्या शनिवारी सकाळी माझ्या पाठीवर नेमके काय काय होते, ते आधी सांगते. दोन लॅपटॉप. एक प्रिंटर, ज्याचा कागदाचा ट्रे चिकटपट्टीने जागेवर धरून ठेवलेला होता. सात पेने, त्यांतली लिहिणारी पाच. पिवळ्या चिठ्ठ्यांचा एक गठ्ठा आणि एक स्टेपलर. चिवड्याचा स्टीलचा डबा, त्याच्या झाकणावर ‘अकरानंतरच’ अशी ताकीद. आणि हातांची चार कोपरे. कोपरे मी नेहमी मोजते. माणूस निर्धास्त असला की कोपरे टेकवतो, आणि घाबरलेला असला की फक्त बोटांनी माझी कड धरतो.

मी एक टेबल आहे. घडीचे आहे, जुने आहे, आणि कधीकाळी पांढरे होते.

माझा जन्म एका साच्यात झाला. पॉलिथिलीनचे साबुदाण्याएवढे दाणे तापवून मऊ केले, त्यात हवा फुंकली, आणि तो मऊ गोळा फुगून साच्याच्या भिंतींना जाऊन चिकटला. थंड झाल्यावर साचा उघडला, तो मी बाहेर. म्हणजे मी आतून पोकळ आहे. पोकळ म्हणजे कमजोर असे पुष्कळांना वाटते, पण तुम्ही कधी पक्ष्याचे हाड पाहिले आहे का? ते पोकळ असते आणि तरी त्यावर अख्खा पक्षी उडतो. पोकळ असण्याचा मला आणखी एक फायदा आहे. माझ्यावर कोणी काही बोलले की आतली हवा थरथरते. तबल्याची असते ना, तशी. त्यामुळे मला सगळे ऐकू येते.

मला भीमरावांनी विकत घेतले. ते ओटावात सरकारी खात्यात इंजिनिअर होते आणि निवृत्त झाल्यावर ब्रॅम्पटनला मुलाजवळ राहायला आले होते. दुकानात त्यांनी मला आडवे केले आणि माठ घेताना वाजवून बघतात तसे बोटाच्या पेरांनी दोन ठिकाणी वाजवले. मग बायकोला म्हणाले, “हे चालेल. जयंतीला खिरीचं पातेलं पेलेल.” त्या एप्रिलमध्ये मी पहिल्यांदा कामाला लागले. कम्युनिटी सेंटरच्या खोलीत माझ्यावर निळे कापड अंथरले, वर खिरीचे पातेले ठेवले, आणि ते इतके गरम होते की माझ्या डाव्या बाजूला एक गोल खूण कायमची राहिली. मला ती खूण आवडते. ती माझी जन्मखूण आहे असे मी समजते.

पुढची वर्षे फार मजेची होती. माझ्यावर मुलांनी व्हिनेगर आणि खायचा सोडा घालून ज्वालामुखी फोडले. एका तान्ह्या बाळाला माझ्यावर ब्लँकेट घालून निजवले आणि चार बायका चार बाजूंना पहारा देत उभ्या राहिल्या. दर रविवारी कमलाबाई माझ्याभोवती मुलांना बसवून मराठीचा वर्ग घेत. त्या ‘ळ’ म्हणायला सांगत, मुले ‘ल’ म्हणत, आणि मग सगळी मिळून जिभेची टाळूपर्यंतची वाट शोधत. भीमराव मला दुमडताना सगळ्यांना सांगायचे की इथल्या मराठी मंडळींच्या असोसिएशनचा कणा कोण असेल तर हे टेबल. त्या वेळी मला माझ्या बिजागऱ्यांचासुद्धा अभिमान वाटायचा.

मग सेंटरमध्ये नवी टेबले आली. गोल, चाकांची, ढकलली की पळणारी. मला भीमरावांच्या घरामागच्या लाकडी ओट्यावर नेऊन ठेवले. दोन हिवाळे मी तिथे काढले. बर्फ उपसणाऱ्याने फावडे माझ्यावर टेकवले, मग बर्फ वितळवायचे मीठ सांडले, आणि मिठाच्या पाण्याने माझे पाय गंजले. एक बिजागरी वाकली. एक खार माझ्या पोटाखाली शेंगा साठवायची, तेवढीच काय ती सोबत. आत दिवा लागलेला दिसायचा आणि जेवणाच्या टेबलाभोवतीच्या गप्पा काचेमागून पुसट ऐकू यायच्या. मी रागावले नव्हते. मला फक्त कळत नव्हते की माझे काम संपले आहे, तर मी अजून का आहे.

तिथून मला धम्मप्रियाने बाहेर काढले.

धम्मप्रिया रसायनशास्त्र शिकली आहे आणि पाणी तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत काम करते. तिला शनिवारच्या टॅक्स क्लिनिकसाठी टेबल हवे होते. भीमराव म्हणाले, “अगं, नवीन घे. हे गेलेलं आहे.” तिने व्हिनेगरमध्ये बुडवलेली फडकी माझ्या पायांना गुंडाळून रात्रभर तशीच ठेवली. सकाळी पुसले, तर गंज फडक्यांवर आला होता आणि खाली पोलाद चमकत होते. वाकलेली बिजागरी तिने हातोडीने सरळ केली, मग फोन माझ्या पाठीवर आडवा ठेवून त्यातल्या पातळी मोजणाऱ्या अ‍ॅपमध्ये पाहिले.

“काका, शून्य पूर्णांक दोन अंश,” ती म्हणाली. “यावर कोणाचा चहा सांडणार नाही.”

आता टॅक्स क्लिनिक म्हणजे काय ते सांगायला हवे. हा दवाखाना नव्हे. ज्यांचे उत्पन्न कमी आहे अशा लोकांचा वर्षाचा कराचा कागद इथे स्वयंसेवक फुकट भरून देतात. तुम्ही म्हणाल, ज्याची कमाईच थोडी आहे त्याने कराचा कागद कशाला भरायचा? मलाही तसेच वाटले होते. पण धम्मप्रियाने पहिल्याच दिवशी एका ट्रक ड्रायव्हरला जे समजावले, ते ऐकून माझी आतली हवा आनंदाने हलली.

गोष्ट अशी आहे. प्रत्येक घरावर शहराची घरपट्टी असते. तिच्यातून रस्त्यावरचा बर्फ निघतो आणि वाचनालय चालते. घर ज्याच्या मालकीचे, तो ती भरतो. पण खालच्या खोलीत भाडेकरू असेल, तर त्याच्या भाड्यातलाच एक तुकडा घरमालकाच्या हातून शहराकडे जातो. म्हणजे घरपट्टी भाडेकरूही भरतो, फक्त त्याला ती दिसत नाही. पाण्यात विरघळलेले मीठ दिसत नाही, तसेच हे. सरकारला मात्र हे माहीत आहे. म्हणून आमच्या प्रांतात कमी उत्पन्नाच्या माणसाने वर्षाचे भाडे किंवा घरपट्टी कागदावर लिहिली, तर त्यातला काही भाग सरकार मदत म्हणून त्याला परत देते. अट एकच. सांगावे लागते. जो सांगत नाही, त्याला मिळत नाही.

आता त्या शनिवारकडे येऊ.

कमलाबाई समोरच्या खुर्चीत बसल्या, तेव्हा मला त्यांची कोपरे जाणवली नाहीत. फक्त आठ बोटे, माझ्या कडेवर. रविवारी याच कमलाबाई अख्खा हात माझ्यावर आडवा टाकून फळ्याकडे बघत असत. त्यामुळे काहीतरी बिनसले आहे, हे धम्मप्रियाच्या आधी मला कळले.

“जय भीम, आजी. पत्ता तोच ना?”

“यंदा तोच लिही, पोरी. पुढच्या महिन्यात बदलंल. केंब्रिजला चालली मी, लेकीकडे.”

भीमराव दाराशी लोकांना नंबर वाटत होते. ते तिथूनच वळले. “केंब्रिजला? आणि रविवारचा वर्ग?”

“तुम्ही घ्या.”

“मी घेतला तर मुलं येतं तेवढं मराठीही विसरतील.”

“मग नका घेऊ,” कमलाबाई म्हणाल्या आणि खाली बघत राहिल्या.

कमलाबाई नागपूरकडच्या. नवरा गेल्यावर लेकीने त्यांना कॅनडात आणले. लेक आमच्याच प्रांतातल्या केंब्रिज गावी गाड्यांच्या कारखान्यात पाळीवर काम करते आणि तिच्या दोन खोल्यांत आता चार माणसे राहतात. म्हणून तीन वर्षांपूर्वी कमलाबाई ब्रॅम्पटनला बहिणीच्या मुलाकडे, रवींद्रकडे, बेसमेंटमधल्या एका खोलीत राहायला आल्या. खोलीला वेगळे दार आहे, स्वयंपाकाचा छोटा ओटा आहे, स्वतःची वॉशरूम आहे. इथे त्यांचा वर्ग आहे, बोलायला माणसे आहेत. लेकीकडे त्यांच्यासाठी बैठकीतला सोफा होता, आणि केंब्रिजहून रविवारी बसने इथे पोचायचे तर वर्गाची वेळ टळून जाणार होती. त्यांना जायचे नव्हते, हे आठही बोटे सांगत होती.

“काहून जाताय, आजी?” धम्मप्रियाने विचारले. ती कमलाबाईंशी बोलताना हमखास त्यांचा एखादा शब्द उचलते.

“रवीच्या घराचा सिटीचा टॅक्स वाढला. लोनचा हप्ता वाढला. त्याचं काही चुकत नाही. मागच्या आठवड्यात म्हणाला, मावशी, मेपासून पाकीट जरा जाड लागेल. पंच्याहत्तर डॉलर. माझी पेन्शन तुले माहीत आहे.”

धम्मप्रियाला ती माहीत होती. तिने मान हलवली आणि पुढच्या रकान्याकडे वळली. “भाडं. मागच्या वर्षी शून्य लिहिलंय.”

“शून्यच लिही.”

“मग पाकीट कसलं?”

“हातभार आहे तो. भाच्याच्या घरी कोणी भाडं देते का? अन् फुकट तरी कशी राहीन मी कोणाच्या घरी? एक तारखेला पाकीट देते. न चुकता.”

“किती असतं त्यात?”

“पाचशे एक्कावन्न.”

की-बोर्डचा आवाज थांबला. धम्मप्रिया अशा माणसांपैकी आहे, ज्यांना मोजमापात एखादा विचित्र आकडा दिसला की चैन पडत नाही. “फिफ्टी-वन? व्हाय द वन?”

भीमराव हसत जवळ आले. “अगं, एक्कावन्न. एकशे एक. पाचशे एक. वर एक असला की ते देणं राहत नाही, प्रेमाचं होतं. लग्नात पाकिटाला नाणं चिकटवलेलं पाहिलं नाहीस?”

“ते मी उपटायचे. मला वाटायचं, डेकोरेशन आहे.”

“कमलाताई, आपल्यात हे शकुन-बिकुन कधीपासून?”

“शकुन नाही हो. सवय आहे. तुम्ही बशीतनं चहा पिता, त्यात कोणता शकुन आहे?”

भीमरावांनी आपल्या हातातल्या बशीकडे पाहिले आणि ती ओठांना लावली.

धम्मप्रिया मात्र हसत नव्हती. तिने पिवळ्या चिठ्ठीवर ५५० लिहिले, थोडी जागा सोडली, मग १ लिहिला. पेन माझ्यावर दोनदा टकटक वाजले. मला तिचा उत्साह लाकडी टेबलाला कळला नसता इतका स्पष्ट कळला. “आजी,” ती म्हणाली, “रवीकाका कुठे आहेत?”

“पार्किंगमध्ये. गाडीत बसून मॅच बघून राहिला.”

रवींद्र आत आला तेव्हा त्याच्या बुटांना रस्त्यावरच्या मिठाची पांढरी कड होती. तो वेअरहाऊसमध्ये सुपरवायझर आहे. धिप्पाड माणूस, पण मावशीसमोर खांदे पाडून उभा राहतो. “काय झालं? मावशी पासवर्ड विसरली का?”

“बसा, काका. एक प्रश्न आहे. हे पाचशे एक्कावन्न काय आहेत?”

त्याने मावशीकडे पाहिले. “हातभार आहे. घरचंच आहे ते.”

धम्मप्रियाने लॅपटॉप बाजूला सरकवला आणि दोन्ही हात माझ्यावर ठेवले. “दोन शक्यता आहेत. घरातली माणसं मिळून खर्च वाटून घेतात, ही एक. ठरलेल्या जागेसाठी दर महिन्याला ठरलेली रक्कम, ही दुसरी. पहिली असेल तर मी शून्य ठेवते आणि आजींना मदत मिळत नाही. दुसरी असेल तर ते भाडं आहे, मी आकडा लिहिते. जे सोयीचं आहे ते मला नाही लिहिता येत. जे आहे तेच लिहायचं.”

“मी काय मावशीकडून भाडं घेतो?” रवींद्रचा आवाज थोडा चढला. “लोक काय म्हणतील? भाच्यानं मावशीला टेनंट ठेवली? आणि मग ते मला इन्कम म्हणून दाखवावं लागेल ना?”

“आला मुद्दा,” भीमराव हळूच म्हणाले.

“भाडं असेल तर दाखवायचंच असतं, काका. त्यातून खर्चाचा वाटा वजाही होतो. ते मी इथे करू शकत नाही, तुमच्या अकाउंटंटला विचारा. बेसमेंट भाड्यानं द्यायला सिटीकडे रजिस्टर आहे ना?”

“आहे. सगळं लीगल आहे.”

“मग मला एवढंच सांगा. आजी येण्याआधी त्या खोलीत कोण होतं?”

“एक स्टुडंट. सूरतचा मुलगा.”

“तो किती द्यायचा?”

“पाचशे पन्नास.”

“त्या पैशांना तुम्ही काय म्हणायचा?”

रवींद्रचा तळहात माझ्यावर सपाट पडला होता आणि तो गरम होत चालला होता.

“रेंट,” तो म्हणाला.

“आणि आजींनी पाकीट दिलं नसतं तर?”

“तर दुसरा स्टुडंट बघावा लागला असता. मॉर्गेज आहे.” मग तो घाईने मावशीकडे वळला. “मावशी, तुला काढलं असतं असं नाही म्हणत मी. तसं नाही म्हणत.”

“तसंच म्हण,” कमलाबाई म्हणाल्या.

त्यांची बोटे माझ्या कडेवरून सुटली. मला वाटले, आता त्या उठून जाणार. त्यांनी चष्मा काढला, पदराने पुसला, परत घातला.

“रवी, तू मले म्हणालास, पाकीट जाड लागेल. मी खोलीत जाऊन विचार करत बसली, माझं काय चुकलं. भाजी खारट झाली का. पोरांना रागावली का. मले वाटलं, भाचा माझं प्रेम मापून राहिला अन् ते त्याले कमी पडून राहिलं.” त्या थांबल्या. “तू भाडं वाढलं म्हणाला असतास, तर मले काहीच वाटलं नसतं. भाडं वाढते. कोणाचंही वाढते.”

“मला तो शब्द तोंडातून निघेना, मावशी.”

“माझ्याही निघत नव्हता. तीन वर्षं वर एक डॉलर ठेवून झाकला मी त्याले.”

मग कमलाबाईंनी दोन्ही कोपरे माझ्यावर टेकवली. पूर्ण वजनाने. तो भार मला अजून आठवतो.

“पावती लिही,” त्या म्हणाल्या. “माझ्या नावानं.”

“मावशी, तुला पावती? आईला कळलं तर ती मला फोनवरून मारेल.”

“तिचा फोन मले दे. सासऱ्याच्या नावाची पावती मी पाहिली, यांच्या नावाची पाहिली. मी राहते त्या जागेची, माझ्या नावाची, आजवर एक नाही. नागपुरात नाही, इथं नाही. फुकटची मेहरबानी झाली की माणूस पाहुणा होते. मले पाहुणी नाही राहायचं.”

धम्मप्रियाने प्रिंटरच्या ट्रेमधून कोरा कागद काढून पुढे केला. रवींद्रने पेन उचलले. ते लिहीत नव्हते. दुसरे उचलले. मी मघाशी सांगितलेल्या सातांतली न लिहिणारी दोन्ही त्याच्याच हाताला लागली.

“इंग्लिशमध्ये लिहू की मराठीत?”

“सरकारले समजंल अशी लिही. मले मी समजून घेईन.”

“आता आकडा,” धम्मप्रिया म्हणाली, आणि तिचा चेहरा इतका गंभीर झाला की भीमरावांना हसू आवरेना. “महिन्याला पाचशे एक्कावन्न की पाचशे पन्नास? मला एकच लिहायचंय. वर्षाला बारा डॉलरचा फरक पडतो.”

“पाचशे पन्नास,” कमलाबाई लगेच म्हणाल्या. “वरचा भाड्यात धरायचा नाही. तो त्याचा आहे.”

“मावशी, राहू दे आता तो डॉलर,” रवींद्र लिहिता लिहिता म्हणाला. “त्यात धड कॉफीसुद्धा येत नाही.”

“न येऊ दे. भाडं भाड्याच्या जागी, तो त्याच्या जागी.”

रवींद्र जोर देऊन लिहितो. खाली वही नव्हती, एकच कागद होता, त्यामुळे त्याचे प्रत्येक अक्षर माझ्या अंगात उतरले. मावशीचे पूर्ण नाव, खोलीचा पत्ता, बारा महिने, सहा हजार सहाशे, आणि खाली सही. तिरप्या उजेडात बघाल, तर ती सही आजही माझ्या उजव्या बाजूला दिसेल.

धम्मप्रियाने आकडा भरला. कमलाबाईंनी विचारले, “मग, पंच्याहत्तर निघतील का?”

साऱ्या गोष्टीचे मर्म याच प्रश्नात होते. महिन्याला पंच्याहत्तर किंवा त्याहून जास्त मदत मिळाली, तर त्या राहू शकत होत्या. कमी मिळाली, तर सोफा. धम्मप्रियाच्या स्क्रीनवर अंदाज दिसत होता, आणि तो मला कळला नाही, कारण स्क्रीनवरचे आकडे कागदावरच्यासारखे माझ्या अंगात उतरत नाहीत. तिची बोटे मात्र माझ्यावर ताल धरायला लागली होती. तरी ती म्हणाली, “आजी, हा अंदाज आहे. सरकारचा कागद येईपर्यंत मी सांगणार नाही. चुकले तर तुमची खोली जाईल.”

“अगं, नुसतं हसून तरी दाखव,” भीमराव म्हणाले.

“काका, मी लॅबमध्येही हसून रिझल्ट देत नाही.”

रवींद्र उठता उठता परत बसला. “ते पैसे जुलैपासून येतात ना? मग भाडंही जुलैपासूनच वाढू दे. मे-जून मी बघतो.” भाडे हा शब्द या वेळी त्याच्या तोंडून अडखळत का होईना, पण आपणहून आला होता.

“सहाशे पंचवीस भाडं,” कमलाबाईंनी तो म्हणून पाहिला. नवे पायताण घालून चार पावले टाकून बघतात, तसे. मग फोन काढून त्यांनी तिथूनच लेकीला लावला. “सोफा जुलैपर्यंत कोणाले देऊ नको. पण पसरून पण ठेवू नको.”

एव्हाना अकरा वाजून गेले होते. भीमरावांनी चिवड्याचा डबा उघडला.

मित्रांनो, त्यानंतर आमच्या क्लिनिकमध्ये एक बदल झाला. धम्मप्रिया आता भाड्याबद्दल सरळ विचारत नाही. ती विचारते, “राहता तिथे दर महिन्याला काही देता का? त्याला घरात काय म्हणता?” उत्तरे ऐकून मी थक्क होते. एक काका त्याला ‘किराण्याचे’ म्हणतात, पण किराणा स्वतः वेगळा आणतात. एक वहिनी ‘दीदीचा हिस्सा’ म्हणतात. मॉन्ट्रियलहून आलेला एक मुलगा फ्रेंचमध्ये काहीतरी म्हणाला, ते मला कळले नाही. धम्मप्रिया प्रत्येकाला तेच दोन-तीन प्रश्न विचारते. कधी तो खरोखर घरखर्चातला वाटा निघतो, आणि ती न कुरकुरता शून्य लिहिते. कधी भाडे निघते. दोन्ही वेळा मला सारखाच आनंद होतो, कारण माझ्यावर काहीतरी नेमके ठरलेले असते.

तुम्हाला माझी विनंती आहे. मला दुमडण्याआधी माझे पाय कोरड्या फडक्याने पुसा. मीठ राहू देऊ नका. मला बर्फात ठेवू नका. जुन्या वस्तूला पुन्हा कामाला लावायला बऱ्याचदा व्हिनेगर आणि एक रात्र पुरते. आणि तुमच्या घराच्या खालच्या मजल्यावर कोणी आजी, मावशी किंवा काका राहत असतील, तर त्यांच्याजवळ बसून एकदा विचारा की आपण याला काय म्हणतो. विचारताना लाजू नका. मी एवढी वर्षे लोकांच्या हाताखाली आहे, आणि मला दिसले आहे की सांभाळ करायचा तर आधी नीट विचारावे लागते.

जुलै आला. रविवारचा वर्ग चालू होता. मुले ‘बाळ’ लिहीत होती आणि ‘बाल’ वाचत होती. खिडक्या उघड्या होत्या. धम्मप्रिया कामावरून थेट आली, रवींद्र तिच्या मागोमाग, आणि भीमराव आधीपासूनच खुर्ची टाकून बसले होते. कमलाबाईंनी पिशवीतून सरकारचे पाकीट काढले. ते त्यांनी फोडले नव्हते. दोन दिवसांपासून तसेच ठेवले होते. मुलांना त्यांनी पेन्सिली खाली ठेवायला सांगितल्या आणि पाकीट धम्मप्रियाकडे दिले.

“वाच. मराठीत वाच, पोरं पण ऐकतील.”

धम्मप्रियाने कागद माझ्यावर पसरला, तळहाताने घडी सपाट केली आणि ओळीखालून बोट नेले. रवींद्रची बोटे माझ्या कडेवर आली. एका मुलाने विचारले, “इज इट अ टेस्ट?”

भाडे आणि घरपट्टीच्या मदतीपोटी, दहा जुलैपासून, दरमहा: अठ्ठ्याऐंशी डॉलर चाळीस सेंट.